सीमाभागाला एकदा विचारा तरी

प्रति,
महाराष्ट्र शासनाचे सीमाप्रश्न समन्वय मंत्री, उच्चाधिकार समितीचे सदस्य आणि विधिमंडळातल्या सर्व पक्षांचे गटनेते यांस,

सप्रेम नमस्कार.

२७ डिसेंबर २०२२ रोजी नागपूरच्या अधिवेशनात आपण सर्वांनी एकमताने एक ठराव केला. बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकी ही शहरं आणि ८६५ मराठी भाषक गावं यांची इंच न् इंच जमीन महाराष्ट्रात आणण्यासाठी सर्वोच्च न्यायालयात पूर्ण ताकदीने लढण्याचा तो ठराव होता. त्याच्या काही दिवस आधी कर्नाटकाच्या विधिमंडळाने एक इंचही जमीन देणार नाही, असा ठराव केला होता. दोन्हीकडे जमिनीबद्दल एकमत झालं. त्या जमिनीवर राहणाऱ्या माणसांना कुठल्या राज्यात राहायचं आहे, हे त्यांनाच विचारावं, असं मात्र दोन्ही सभागृहांतल्या कुणाला वाटलं नाही. त्यानंतर समित्या नेमल्या गेल्या, बैठका झाल्या, १ नोव्हेंबर, सीमाभागातला काळा दिन, दरवर्षी येऊन गेला. विचारण्याची गोष्ट आजही कुणी काढत नाही. म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते आहे, आणि सगळ्यांनी वाचावं म्हणून उघडपणे लिहिते आहे.

माझं माहेर निपाणीजवळचं एक खेडं. लग्न होऊन कोल्हापुरात आले, इथल्या शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. माहेर आणि सासर यांच्यामध्ये कागल, दूधगंगेचा पूल आणि कोगनोळीचा नाका, एवढंच अंतर. आमच्याकडच्या सोयरिकी गडहिंग्लज, संकेश्वर, निपाणी, चंदगड, बेळगाव अशा होतात आणि त्या जुळवताना राज्य कुणी विचारत नाही. चंदगडचा माणूस आजारी पडला तर बेळगावचा दवाखाना गाठतो, निपाणीचा माणूस कोल्हापूरचा. वडील सीमा सत्याग्रहात तुरुंगात गेले होते. घरी १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या तसबिरीला हार घातला जाई आणि १ नोव्हेंबरला गोडधोड होत नसे. हे सांगते ते सहानुभूतीसाठी नव्हे. या प्रश्नात माझं रक्ताचं काहीतरी आहे आणि तरीही मी महाराष्ट्र सरकारलाच जाब विचारते आहे, हे आपल्या लक्षात यावं म्हणून.

पहिली तक्रार सगळ्यात जुनी आहे. १९५६ साली राज्य पुनर्रचना झाली तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला, गावांना न विचारता. पुढे सेनापती बापटांच्या उपोषणानंतर ऑक्टोबर १९६६ मध्ये माजी सरन्यायाधीश मेहेरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला आणि ऑगस्ट १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला. २६४ गावं महाराष्ट्राला, २४७ गावं म्हैसूरला, बेळगाव शहर आहे तिथेच. महाराष्ट्राला देऊ केलेल्या भागात निपाणी, खानापूर, नंदगड होतं. माझ्या माहेरचं गावही त्यातच. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला, कारण बेळगाव दिलं नव्हतं. फेटाळण्याची कारणं मला ठाऊक आहेत आणि त्यातली बरीचशी पटतात. पण बेळगाव मिळत नसेल तर तुम्ही यायला तयार आहात का, असं आमच्या गावाला विचारायला कुणी आलं नाही. गावाने कदाचित बेळगावसह येऊ, नाहीतर नाही, असंच सांगितलं असतं. माझे वडील तर नक्कीच तसं म्हणाले असते. पण मग तो निर्णय गावाचा झाला असता. आज तो आमच्या नावावर मुंबईत घेतलेला निर्णय म्हणून उभा आहे आणि त्याची किंमत गाव भरतं आहे.

आता याच महिन्यांत शेजारी काय घडत होतं ते बघा. महाजन आयोग कागद तपासत होता तेव्हा गोव्यात मतदानाची तयारी चालली होती. संसदेने १९६६ साली खास कायदा केला. मतदान निःपक्षपाती व्हावं म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ रोजी गोमंतकीयांनी फूल किंवा दोन पानं यांपैकी एका चिन्हावर शिक्का मारला. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायचं, दोन पानं म्हणजे केंद्रशासित राहायचं. विलीनीकरणाला १,३८,१७० मतं पडली, केंद्रशासित राहण्याला १,७२,१९१. महाराष्ट्र ३४,०२१ मतांनी हरला. दुःख झालं, इथल्या पुष्कळ लोकांना फार झालं. पण त्या निकालानंतर गोवा महाराष्ट्रात घ्या म्हणून सीमाभागासारखा लढा पेटला नाही. गोवा १९८७ मध्ये स्वतंत्र राज्य झाला तेव्हा आपण त्याचं स्वागतच केलं. कोल्हापूरची भाजी आणि दूध आजही गोव्याला जातं. लोकांना विचारलं होतं, म्हणून तो प्रश्न मिटला.

दोन शेजारी भूभाग, एकाच वर्षी, एकाच राज्यात जायचं की नाही हा एकच प्रश्न. एकाला मतपेटी मिळाली, दुसऱ्याला एक निवृत्त न्यायाधीश मिळाला. वर्गात हे शिकवताना मुलं कारण विचारत. संविधानातलं उत्तर मी देत असे. अनुच्छेद ३ प्रमाणे राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा आहे, विधिमंडळांचं फक्त मत मागवलं जातं आणि मतदानाची तरतूद कुठे नाही. पण तरतूद नाही म्हणजे मनाई आहे असं नव्हे. गोव्यासाठी संसदेने कायदा केलाच ना? मग सीमाभागासाठी तसा कायदा करा, अशी मागणी २०२२ च्या ठरावात का नव्हती?

कारण काय असेल याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं, मतदान मागितलं की त्याची दुसरी बाजूही मान्य करावी लागते, आणि ती आपल्यापैकी कुणालाच नको आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याचं नाव घेतलं. तिथल्या चाळीस गावांनी दुष्काळात पाण्यावाचून हैराण होऊन कर्नाटकात जाण्याचे ठराव केले होते, याची त्यांनी आठवण करून दिली. मागोमाग अक्कलकोट आणि सोलापूरचाही दावा केला. आपण सगळे संतापलात. एकही गाव जाणार नाही, असं जाहीर केलंत आणि जतच्या पाणी योजनेला वेग देण्याच्या घोषणा झाल्या. पाणी मिळत असेल तर चांगलंच आहे. पण निपाणीच्या माणसाला कुठे राहायचं ते ठरवण्याचा हक्क आहे असं आपण म्हणत असू, तर जतच्या कन्नड बोलणाऱ्या शेतकऱ्यालाही तो आहे. त्याला न विचारता आपण ठेवून घेणार असू, तर आपल्याला न विचारता ठेवून घेणाऱ्याशी आपलं भांडण नेमकं कशाचं? विदर्भाचा उल्लेख मी टाळत नाही. फाजल अली आयोगाने १९५५ साली वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. तिथल्या लोकांनाही सरकारने कधी मतदान घेऊन विचारलेलं नाही. आणि घरचं सांगायचं तर कोल्हापूरची हद्दवाढ घ्या. शहराला ती हवी आहे, आजूबाजूच्या गावांना नको आहे. आम्हाला विचारल्याशिवाय शहरात घेऊ नका म्हणून ती गावं बंद पाळतात. त्यांचं म्हणणं कोल्हापुरात कुणी देशद्रोह मानत नाही.

देशद्रोहाचा विषय काढला कारण मतदान म्हटलं की फुटीरतेची भीती घातली जाते. इथे एक फरक स्वच्छ सांगायला हवा. स्कॉटलंड, कॅटलोनिया, कुर्दिस्तान इथे प्रश्न वेगळ्या देशाचा होता. आमचा नाही. आमचं मतदान झालं तर ते भारतीय नागरिकांनी, भारताच्या निवडणूक आयोगाने घेतलेल्या मतदानात, भारताच्या दोन राज्यांपैकी एक निवडण्यापुरतं असेल. सार्वभौमत्वाचा एक कणही त्यात पणाला लागत नाही. तरीही त्या देशांकडून शिकण्यासारखं आहे. लंडन आणि एडिनबरा यांनी ऑक्टोबर २०१२ मध्ये करार केला, दोघांनीही निकाल मान्य करण्याचं ठरवलं, मग सप्टेंबर २०१४ मध्ये मतदान झालं. ८४.६ टक्के लोक मतदानाला आले, ५५.३ टक्क्यांनी नको म्हटलं आणि कुणाचं डोकं फुटलं नाही. कॅटलोनियात १ ऑक्टोबर २०१७ ला माद्रिदची, म्हणजे स्पेनच्या सरकारची संमती नसताना, न्यायालयाने स्थगिती दिलेली असताना मतदान झालं. पोलिसांच्या लाठ्या चालल्या, नेते तुरुंगात गेले, हाती काही आलं नाही. म्हणून मी एकतर्फी मतदान मागत नाही. आमच्याकडे बेळगाव महापालिकेने २००५ साली महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला, तेव्हा काय झालं ते आपल्याला माहीत आहे. कर्नाटक सरकारने महापालिकाच बरखास्त केली. एका बाजूने केलेल्या ठरावाचा शेवट असाच होतो.

दुसरं भांडण मोजायचं कसं, याचं आहे. जिल्हा धरून मोजलं की बेळगाव एका बाजूला जातं, तालुका धरला की चित्र बदलतं, गाव धरलं की आणखी बदलतं. आंध्र आणि मद्रास यांचा वाद हरी विनायक पाटसकरांनी गाव हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषक बहुसंख्या हे निकष लावून सोडवला आणि १९५९ साली संसदेने त्याचा कायदा केला. पाटसकर आपल्याच महाराष्ट्राचे. आपण त्यांचंच सूत्र मागतो, ते बरोबरच आहे. जगातही हेच दिसतं. डेन्मार्क आणि जर्मनी यांच्यामधल्या श्लेस्विगमध्ये १९२० साली दोन पट्ट्यांत मतदान झालं. उत्तरेच्या पट्ट्यातली मतं एकगठ्ठा मोजली गेली, त्यामुळे टोंडरसारखं जर्मन बहुमताचं शहरही डेन्मार्कमध्ये गेलं. ते दुखणं पुढे कित्येक वर्षं राहिलं. शेवटी १९५५ साली दोन्ही देशांनी आपापल्या अल्पसंख्याकांसाठी जाहीरनामे काढले. माणूस स्वतःला डॅनिश म्हणवतो की जर्मन, हे त्याचं त्याने ठरवायचं आणि सरकारने ते तपासायचं नाही, हे त्यातलं मुख्य सूत्र.

स्वित्झर्लंडमधल्या ज्युराची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते. बर्न या बहुसंख्य जर्मन भाषक कॅन्टनमधल्या (कॅन्टन म्हणजे तिथलं राज्य) फ्रेंच भाषकांना वेगळं व्हायचं होतं. १९७४ साली मतदान झालं, मग १९७५ मध्ये जिल्ह्यांना आणि सीमेवरच्या गावांना पुन्हा विचारलं गेलं आणि १९७९ मध्ये नवं कॅन्टन अस्तित्वात आलं. मूटिए हे गाव तेव्हा बर्नमध्येच राहिलं, पण त्याला कायमचं गप्प केलं गेलं नाही. २०१७ मध्ये तिथे मतदान झालं, मतदारयादीत गैरप्रकार आढळले म्हणून ते रद्द झालं, मार्च २०२१ मध्ये पुन्हा झालं आणि १ जानेवारी २०२६ पासून ते गाव ज्युरामध्ये गेलं. एका छोट्या गावासाठी दोन सरकारं इतकी वर्षं बोलत राहिली आणि घाई केली नाही. आमच्या बेळगावजवळच्या येळ्ळूर गावाने वेशीवर महाराष्ट्र राज्य असा फलक लावला होता. २०१४ मध्ये तो पाडला गेला आणि गावकऱ्यांनी पोलिसांचा मार खाल्ला.

आता मत कुणी द्यायचं? हा मुद्दा आपल्यापैकी पुष्कळांना रुचणार नाही. महाराष्ट्राची सगळी मांडणी १९५१ च्या जनगणनेवर उभी आहे. दाव्यासाठी ती ठीक असेल, पण मत देणार ती आज तिथे राहणारी माणसं. माझ्या भाच्या बंगळुरूला शिकल्या, मैत्रिणींशी कन्नडमध्ये बोलतात, नोकऱ्याही तिकडेच बघतात. त्या कदाचित कर्नाटकात राहण्याच्या बाजूने मत देतील. मला वाईट वाटेल, पण तो त्यांचा हक्क आहे. सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीला कर्नाटकाच्या २०१८ आणि २०२३ च्या विधानसभेत एकही जागा मिळाली नाही. कर्नाटकातले लोक म्हणतात, बघा, प्रश्न संपला. आणि २०२१ च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या तरुण उमेदवाराला लाखाहून जास्त मतं पडली, तेव्हा आपल्याकडचे लोक म्हणाले, बघा, प्रश्न जिवंत आहे. विधानसभेच्या निवडणुकीत माणूस रस्ता, पाणी, जात, पैसा, पक्ष बघून मत देतो. त्यातून राज्य कुठलं हवं हे वाचायला जाणारा स्वतःला हवं तेच वाचतो. खरंच प्रश्न संपला असेल तर मतदानात ते दिसेल आणि महाराष्ट्राने त्यानंतर कायमचं थांबावं. मी थांबेन.

तोवर तिथे रोजचं जगणं कसं आहे, हे थोडक्यात सांगते. भावाच्या शेताचा उतारा कन्नडमध्ये येतो, तो वाचायला त्याला दुसऱ्याच्या दारी जावं लागतं. एखाद्या भागात भाषक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त असतील तर त्यांना सरकारी सूचना आणि कागद त्यांच्या भाषेत मिळावेत, असं भाषक अल्पसंख्याकांसाठीच्या संरक्षणांत ठरलेलं आहे. कागदावर आहे. आणि इकडे महाराष्ट्रात? भाचा व्यावसायिक शिक्षणाच्या प्रवेशासाठी आला. सीमाभागातल्या मराठी विद्यार्थ्यांना इथे प्रवेशाची सवलत आहे, शासन निर्णय आहे. खिडकीवरच्या माणसाने तो कधी पाहिलेला नव्हता. तुम्ही कर्नाटकाचे, अधिवास कुठला, असं म्हणून त्याला दोनदा परत पाठवलं. तिकडे महाराष्ट्रवादी आणि इकडे कर्नाटकी, ही अवस्था माझ्या माहेरच्या प्रत्येक घराने भोगलेली आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ भाषेवरून एका बसवाहकाला मारहाण झाली, मग दोन्ही राज्यांच्या बसना काळं फासलं गेलं आणि एसटी बंद पडली. त्या दिवसांत डायलिसिसला जाणाऱ्या, परीक्षेला जाणाऱ्या, बाळंतपणाला माहेरी निघालेल्या बायका नाक्यावर उतरून चालत गेल्या. डिसेंबर २०२२ मध्येही हेच झालं होतं. तेव्हा दोन मंत्र्यांच्या बेळगाव दौऱ्याची घोषणा झाली, तारीख बदलली, दौरा रद्द झाला, आणि दगड मात्र पडायचे ते पडले. जायचं असेल तर जा, नसेल जायचं तर घोषणा करू नका. त्याचा भार तिथली माणसं उचलतात.

आणि दावा? २००४ साली महाराष्ट्राने तो सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. तेव्हा जन्मलेलं मूल आज मतदार आहे. कर्नाटक म्हणतं, हा संसदेचा विषय, न्यायालयाचा नाही. या मुद्द्यावर आपण काय उत्तर दिलं आहे, पुरावे कुठवर आले, पुढे काय होणार, हे सामान्य माणसाला वर्तमानपत्रातल्या चार ओळींपलीकडे कळत नाही. ज्यांच्यासाठी लढता, त्यांनाच खटला दिसत नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

विधिमंडळाने नवा ठराव करावा आणि १९६६ च्या गोवा कायद्याच्या धर्तीवर सीमाभागात मतदान घेण्याचा कायदा करावा, अशी संसदेला विनंती करावी. गाव हा घटक धरावा, निवडणूक आयोगाने मतदान घ्यावं, मतपत्रिका मराठी आणि कन्नड दोन्हीत असावी आणि प्रश्न एकच, साधा असावा. निकाल काहीही लागला तरी महाराष्ट्र तो मानेल, हे त्याच ठरावात लिहावं.

जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर इथल्या ज्या गावांचा प्रश्न आहे, त्यांनाही तोच हक्क महाराष्ट्राने स्वतःहून द्यावा. कर्नाटकाने मागण्याची वाट बघू नये. हे केलंत तर बेळगावातल्या कन्नड माणसाशीही आपल्याला नजर वर करून बोलता येईल.

कर्नाटक सरकारशी लेखी बोलणी सुरू करावीत. १४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्रीय गृहमंत्र्यांसमोर दोन्ही राज्यांच्या तीन-तीन मंत्र्यांची समिती ठरली होती. तिच्या किती बैठका झाल्या आणि त्यांत काय झालं, ते प्रसिद्ध करावं. मतदानाला वर्षं लागतील हे मला कळतं. पण मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत उतारे, नोटिसा आणि शाळा हा करार आजही होऊ शकतो. महाराष्ट्राने तो आपल्याकडच्या कन्नड शाळांपासून सुरू करावा. शिक्षकांची रिकामी पदं आधी भरावीत.

दाव्याची सद्यस्थिती दर सहा महिन्यांनी मराठीत आणि सोप्या भाषेत जाहीर करावी. सीमाभागासाठीच्या सवलतींची एकच यादी, ८६५ गावांच्या नावांसह, प्रत्येक प्रवेश केंद्रावर, तहसीलला आणि सरकारी दवाखान्यात लावावी, म्हणजे कुणाचा मुलगा खिडकीवरून परत जाणार नाही.

आणि एसटी कुठल्याही कारणाने बंद पडणार नाही, याची हमी दोन्ही सरकारांनी मिळून द्यावी. पोलीस बंदोबस्तात सोडायची तर तशी सोडा, पण सोडा.

या पत्राची प्रत प्रत्येक गटनेत्याला टपालाने पाठवते आहे. येत्या हिवाळी अधिवेशनाच्या आत लेखी उत्तर मिळावं, एवढी विनंती आहे. उत्तर नकाराचं असलं तरी चालेल. फक्त त्यात सीमाभागातल्या लोकांना मतदानाने का विचारायचं नाही, याचं कारण लिहिलेलं असावं. ते कारण मी माहेरच्या गावच्या चावडीवर वाचून दाखवेन आणि तिथून जे उत्तर येईल ते आपल्याला कळवेन.

आपली,
निपाणीची एक माहेरवाशीण आणि निवृत्त शिक्षिका
कोल्हापूर